पीसी मध्येच थिजतो आणि दुकानदार म्हणतो बोर्ड बदला

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तुम्ही दादरच्या घरी पीसी स्वतः जोडलात. रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड (खाली नुसतं बोर्ड म्हणेन), १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम ३६०० च्या वेगाने, एनव्हीएमई एसएसडी, मध्यम ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. दोन-तीन दिवसांतून एकदा मशीन जागच्या जागी थिजतं. माउस हलत नाही, गाणं चालू असेल तर घर्रर्र असा एकच आवाज अडकून राहतो, निळी स्क्रीन येत नाही, बटण दाबून धरण्यावाचून इलाज नसतो. गेम खेळताना सहसा होत नाही. ब्राउझर उघडा ठेवून जेवायला उठलात की होतं. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, रॅमचे स्लॉट बदलून झाले, थर्मल पेस्ट बदलल्यावर चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. आता दुकानदार म्हणतो बोर्ड गेलाय, आणि तुम्ही विचारताय, बदलू का?

आत्ता नको. बोर्ड चांगलाच आहे असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, पण तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून माझ्या यादीत तो बराच खाली आहे. त्याच्या वर निदान चार संशयित बसलेत आणि त्यांची चौकशी फुकटात होते.

आधी मूळ अडचण नीट मांडू. कुठला भाग गेलाय हे नंतर बघता येईल. हा बिघाड दोन-तीन दिवसांतून एकदाच येतो, डॉक्टरांकडे पोचल्यावर नेमका उतरणाऱ्या तापासारखा, हीच खरी डोकेदुखी आहे. सतत येणारा बिघाड कोणीही अर्ध्या तासात पकडतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात माणूस काहीतरी बदलतो, दोन दिवस बरे जातात, तो खूश होतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा थिजतं, मग तो दुसरं काहीतरी बदलतो. महिन्याने पाच भाग नवे झालेले असतात आणि कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

इथे थोडं गणित करा. बिघाड सरासरी तीन दिवसांतून एकदा येतो आणि त्याला ठरावीक वेळ नाही असं धरलं, तर काहीही दुरुस्त न करता तीन दिवस सुखाने जाण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास निघते. चार दिवसांची २६ टक्के, सहा दिवसांची १४, आणि नऊ दिवसांची ५. म्हणजे थर्मल पेस्टनंतरचे तुमचे चार बरे दिवस नुसते नशिबाचे असण्याची शक्यता चारात एक होती. त्यांवरून पेस्टला श्रेय देता येत नाही. मी गिऱ्हाइकांना सांगतो तो नियम साधा आहे: दोन बिघाडांमध्ये सरासरी जेवढा वेळ जातो त्याच्या तिप्पट वेळ मशीन न अडकता चाललं, तरच दुरुस्ती मानायची. तुमच्या बाबतीत नऊ-दहा दिवस, आणि तेही रोजच्याइतका वापर असलेले. तोवर दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. एका वेळी एकच बदल. हे कंटाळवाणं आहे, मान्य, पण बोर्डाच्या किमतीपेक्षा दहा दिवस स्वस्त पडतात.

आता मशीन पुढच्या वेळी थिजेल तेव्हा लगेच बटण दाबू नका. त्या दोन मिनिटांत जितकी माहिती मिळते तितकी नंतर दिवसभर खपून मिळत नाही. नेमकं काय मेलंय आणि काय जिवंत आहे, एवढंच बघायचं. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर विंडोज आतून अजून जागं आहे, कारण यूएसबी कीबोर्डचा तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही, विंडोजच्या सांगण्यावरून लागतो. दिवा हलत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर शोध ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरपुरता उरला. माउस फिरतोय, उघडी खिडकी हलतेय, पण नवीन काही उघडायला गेलं की गाडी अडते, असं असेल तर संशय एसएसडीवर. आणि कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म, माउस ढिम्म, आवाज एका तुकड्यावर अडकलेला, तर सगळं मशीनच थांबलंय. तो घर्रर्र आवाज म्हणजे साउंड चिपला मिळालेला शेवटचा तुकडा ती पुन्हा पुन्हा वाजवत असते. पुढचा तुकडा भरायला प्रोसेसर जागेवर नसतो. तुम्ही आवाजाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. त्यावरून मी तुमचं प्रकरण या शेवटच्या गटात टाकतोय.

थिजलेल्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटोही काढा, खाली कोपऱ्यातलं घड्याळ दिसेल असा. मशीन परत सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्जखाली सिस्टम. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी लाल नोंद दिसेल आणि बहुतेक जण तिथेच फसतात. 'पॉवरचा एरर आलाय' म्हणून एसएमपीएस बदलून मोकळे झालेले लोक मी बरेच पाहिलेत. ही नोंद पुढच्या वेळी मशीन चालू होताना लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. बटण तुम्हीच दाबलं होतं, तेव्हा ती येणारच. तिच्यात बगचेक कोड शून्य असेल तर निळी स्क्रीन आली नव्हती हेही कळतं, पण ते तुम्हाला माहीतच आहे.

बघायचं ते त्याच्या आधीचं. डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या नोंदी आहेत का? त्यातला १८ क्रमांक म्हणजे प्रोसेसरने स्वतः जीवघेणी चूक कळवलेली असते. १७ आणि १९ म्हणजे चूक झाली पण सावरली, आणि अशा सावरलेल्या चुका रांगेने दिसल्या तर त्याही दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. १२९ किंवा १५३ दिसला तर एसएसडी वेळेत उत्तर देत नाहीये. ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर पडून उठला. आणि यातलं काहीच नसेल, फोटोतल्या घड्याळाच्या वेळेपाशी नोंदी नुसत्या तुटल्या असतील, तर लिहायलाही कोणी उरलं नव्हतं असा त्याचा अर्थ. उलट, घड्याळ ९:४२ ला अडकलंय आणि नोंदी ९:५० पर्यंत आहेत, असं असेल तर मशीन चालू होतं, फक्त तुम्हाला दिसत नव्हतं. माझा अंदाज, तुमच्याकडे नोंदी तुटलेल्या सापडतील.

आता गेममध्ये होत नाही आणि रिकामं असताना होतं, याकडे येऊ. बहुतेकांना हे उलटं वाटतं. ताण पडला की मशीन अडकेल, आराम करताना कशाला अडकेल? यामुळेच तुमची थर्मल पेस्टची मेहनत वाया गेली. उष्णतेने प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन फटकन बंद होतं; शांतपणे थिजत नाही. जेवणाच्या वेळी रिकामा पडलेला प्रोसेसर तापलेला तर मुळीच नसतो. तो झोपलेला असतो. आजचे प्रोसेसर काम नसलं की एकेक कोर झोपवतात, व्होल्टेज खाली आणतात, आणि एखादी सूचना आली की क्षणात जागे होऊन कमाल वेगाला जातात. ही ये-जा सेकंदाला कितीतरी वेळा चालते. गेममध्ये भार जास्त, पण बराचसा एकसारखा असतो. रिकाम्या मशीनमध्ये भार कमी, पण हेलकावे जास्त. कुठेतरी काठावर असलेलं मशीन या हेलकाव्यांत घसरतं.

काठावर नेणारी पहिली गोष्ट म्हणजे एक्सएमपी, रॅमला डब्यावर छापलेल्या वेगाने पळवणारी सेटिंग. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, काही बोर्डांवर तिला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ च्या रायझन बोर्डांवर एक्सपो. डब्यावर ३६०० लिहिलंय म्हणून ३६०० हाच त्या रॅमचा हक्काचा वेग असं लोक समजतात. पण ५६०० या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला वेग आहे ३२००. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, मग ते एका क्लिकने होत असलं तरी. रॅमवाल्याने आपली स्टिक ३६०० ला तपासलेली असते. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि तुमचा बोर्ड यांची हमी त्याने घेतलेली नसते. रायझनमध्ये रॅमच्या वेगाबरोबर आतली इन्फिनिटी फॅब्रिक नावाची जोडणीही पळवली जाते, ३६०० ला ती १८०० मेगाहर्ट्झवर असते. बऱ्याच प्रोसेसरना ते सहज जमतं, काहींना जमत नाही, आणि काहींना दोन दिवस जमून तिसऱ्या दिवशी जमत नाही. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट.

म्हणून पहिलं काम: बायोसमध्ये जाऊन लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स करा. एक्सएमपी बंद, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) वगैरे काही करून ठेवलं असेल तर तेही गेलं. (व्हिडिओ बघून सगळ्या कोरना उणे ३० देणाऱ्यांची मशीन नेमकी अशीच, रिकामी असताना थिजतात. तुम्ही तसं केल्याचं लिहिलेलं नाही, पण केलं असेल तर पहिला आरोपी तोच.) रॅम आता २१३३ किंवा २६६६ अशा संथ वेगाने चालेल. चालू दे. दहा दिवस तसंच वापरा. थिजणं थांबलं तर बोर्डही गेलेला नाही, रॅमही गेलेली नाही. तुम्ही जरा जास्त मागत होता. मग ३२०० वर हाताने ठेवा आणि पुन्हा दहा दिवस. ब्राउझर, ऑफिसचं काम, सिनेमा यांत ३२०० आणि ३६०० मधला फरक तुम्हाला डोळ्यांना कळणार नाही. गेममध्ये मोजला तर सापडेल.

हे दहा दिवस सुरू होण्याआधीच्या रात्री एक मेमरी टेस्ट चालवून घ्या, एक्सएमपी चालू असतानाच. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला कित्येक तास लागतात, म्हणून झोपताना लावायची. निकाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: एकही चूक आली तर रॅमची बाजू नापास, 'एकच तर आहे' असं नाही, पण शून्य चुका आल्या तरी रॅम निर्दोष सुटली असं होत नाही, कारण ही टेस्ट प्रोसेसरला सतत कामात ठेवते आणि तुमचा बिघाड झोपेतला आहे. चूक आली तर एकेक स्टिक लावून तपासा, प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकमागे फिरली तर स्टिक खराब. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये चुकत असतील तर मग बोर्ड किंवा प्रोसेसर. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेल्याने एक चॅनल रुसल्याचंही मी पाहिलंय, तेव्हा बोर्डाला शिक्षा देण्याआधी कूलर सैल करून एकसारखा बसवून बघा.

रॅम काढलीच आहे तर तिचे सोनेरी काँटॅक्ट्स उजेडात तिरके धरून पाहा. आपल्याकडे समुद्राची हवा, वर घरातली फोडणी आणि देवापुढची उदबत्ती, यांनी मिळून एक चिकट तपकिरी थर धरतो, विशेषतः पीसी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असेल तर. लॅमिंग्टन रोडवर निम्मी दुकानं हा थर खोडरबराने घासतात. चालतं, पण खोडरबर सोन्याचा मुलामाही थोडा थोडा खातं आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं असेल तर ते वापरा, पूर्ण वाळू द्या, आणि दोन्ही टोकांना टक आवाज येईपर्यंत स्टिक दाबा.

एक्सएमपी बंद ठेवूनही थिजलं तर दुसरा संशयित एसएमपीएस, पण 'कमी पडतो' या अर्थाने नव्हे. कमी पडला असता तर गेममध्ये मशीन रीस्टार्ट झालं असतं. प्रोसेसर गाढ झोपला की १२ व्होल्टच्या लाइनवरचा भार अगदी नगण्य होतो, आणि काही जुन्या घडणीच्या एसएमपीएसना इतक्या कमी भारावर व्होल्टेज जागेवर ठेवणं जमत नाही. हा प्रश्न काही रायझनने आणलेला नाही. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हा झोपेतला भार ०.०५ अँपिअरपर्यंत खाली जाऊ शकतो म्हणून एसएमपीएसवाल्यांनी 'हॅसवेल रेडी' अशी लेबलं लावली होती. तुमच्या बायोसमध्ये ॲडव्हान्स्डखाली एएमडी सीबीएस असा विभाग असेल. त्यात पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाची सेटिंग असते. ती ऑटोवरून टिपिकल करंट आयडल करा. नाव आणि जागा बोर्डागणिक बदलते, सापडायला जरा वेळ लागेल. याने प्रोसेसर पूर्ण गाढ झोपेत जात नाही, विजेचा किंचित जास्त वापर होतो, बाकी तोटा नाही. एवढ्यानेच थिजणं थांबलं तर एसएमपीएस दुय्यम दर्जाचा आहे असं समजा आणि सवडीने बदला.

व्होल्टेज सॉफ्टवेअरमध्ये बघून निष्कर्ष काढू नका. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये असावी हा नियम खरा, पण बोर्डावरचा सेन्सर बऱ्याचदा चुकीचं सांगतो आणि साध्या मल्टिमीटरला क्षणभराचा झोका दिसतच नाही. एसएमपीएसची खात्री करायचा घरगुती मार्ग एकच: मित्राचा चांगला एसएमपीएस दहा दिवस मागून आणणे.

हे सगळं चालू असताना बायोसची आवृत्तीही बघा. तुमची दिवाळीची खरेदी असली तरी बोर्ड दुकानात किती दिवस पडून होता कोणास ठाऊक. येतानाची आवृत्ती बरीच जुनी असू शकते. प्रोसेसरची झोप, रॅमशी जमवून घेणं, यांतल्या सुधारणा एएमडी बायोसमधूनच पाठवते. उदाहरण द्यायचं तर २०२२ मध्ये एएमडीने जाहीरपणे मान्य केलं होतं की एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे काही रायझन मशीन अधूनमधून क्षणभर अडखळतात, आणि त्यावरचा उपाय नव्या बायोसमधूनच आला. तुमचं ते नाही, तिथे मशीन लगेच सावरतं, पण नमुना म्हणून सांगितलं. बायोस टाकताना बोर्डाचं नुसतं मॉडेल नव्हे, त्याचं रिव्हिजनही जुळवा. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. आणि नियम तोच: बायोस टाकला की तो त्या दहा दिवसांचा एकमेव बदल.

एसएसडीचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं स्वतःचं सॉफ्टवेअर, लोक विसरतात. २०१२ मध्ये क्रुशियलच्या एम४ या एसएसडीत गंमतच झाली होती: एकूण ५,१८४ तास वापर झाला की ती गप्प व्हायची, आणि मशीन पुन्हा सुरू केलं की दर तासाभराने पुन्हा. कारण होतं फर्मवेअरमधला एक मोजणीचा घोळ, आणि कंपनीने नवं फर्मवेअर देऊन तो मिटवला. तुमच्या एसएसडीच्या कंपनीचा टूल उतरवून एकदा बघा, दहा मिनिटांचं काम. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करणं हाही रिकाम्या वेळी थिजणाऱ्या मशीनवरचा एक उपयोगी प्रयोग आहे.

दोनदा विंडोज टाकलं म्हणून सॉफ्टवेअर सुटलं असंही मी धरत नाही. फॉरमॅट केल्याच्या संध्याकाळीच आपण तेच सगळं परत टाकतो: रॅमच्या दिव्यांचं एक, बोर्डाच्या दिव्यांचं दुसरं, पंख्यांचं तिसरं, तापमान दाखवणारं चौथं. हे सगळे एकाच वेळी बोर्डावरच्या त्याच सेन्सरना प्रश्न विचारत बसतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. चाचणीचे दिवस दिवे बंद राहिले तरी बिघडत नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही ओघात लिहून गेलात आणि मी दोनदा वाचली. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. म्हणजे तुमच्या त्या प्लग पॉइंटला अर्थिंग नाही, किंवा तारेचं टोक कुठेतरी सुटलंय. एसएमपीएसच्या आत येणाऱ्या विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तो गोंगाट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटची बॉडी सुमारे ११५ व्होल्टवर, २३० च्या निम्म्यावर, तरंगत राहते. करंट नगण्य असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. याने मशीन थिजतंच असं नाही, पण गोंगाट रॅम-यूएसबीच्या वाटेने फिरत राहतो, आणि ते सोडा, उद्या एसएमपीएसमध्ये खरंच काही फुटलं तर फ्यूज उडण्याऐवजी २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील. टीव्हीला पीसी एचडीएमआयने जोडलेला असेल, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, आणि बॉक्सला केबलवाल्याची वायर, तर चालू मशीनवर एचडीएमआय काढ-घाल करताना पोर्ट उडतो तोही यातूनच.

जुन्या इमारतींमधले काही वायरमन यावर एक जुगाड करतात: भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या आत अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टरचा दिवा विझतो, झिणझिण्या जातात, गिऱ्हाईक खूश. मागची न्यूट्रल तुटली की त्या दिवशी कॅबिनेट, फ्रिज, गीझर, सगळ्यांच्या बॉडीवर फेज येते. तसलं काही करू देऊ नका. लायसन असलेल्या वायरमनकडून मीटरपासून अर्थची स्वतंत्र तार ओढून घ्या. सोसायटीत मूळ अर्थिंगच खराब असेल तर ते सगळ्यांच्याच कामाचं आहे, सेक्रेटरींच्या कानावर घाला. आणि तोवर स्वस्तातला यूपीएस मध्ये असेल तर चाचणीपुरता तो काढा. बॅटरी मेलेला यूपीएस नसलेल्या यूपीएसपेक्षा वाईट.

थिजल्याची वेळ मात्र प्रत्येक वेळी लिहून ठेवा. इमारतीत पाणी आलं की खालचा पंप सुरू होतो, त्या झटक्यालाच मशीन अडतं असं निघालं तर मी सांगितलेला क्रम बदलेल आणि वायरमन पहिला येईल.

दुकानात टेबलवर छान चालतं आणि घरी आणलं की थिजतं, असंही तुम्ही म्हणताय. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे वीज वेगळी, एसी चालू, आणि मुख्य म्हणजे कॅबिनेट आडवं टाकलेलं. परवा असंच एक मशीन माझ्याकडे आलं. आडवं असताना दिवसभर खुशाल चाललं. उभं केलं आणि ग्राफिक्स कार्डाच्या मोकळ्या टोकाला एका बोटाने हलकेच वर उचललं, तशी स्क्रीन थिजली. टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या पट्टीचा स्क्रू आवळताना कॅबिनेटच्या वाकड्या पत्र्याने कार्डाचं मागचं टोक स्लॉटमधून नखभर वर ओढलेलं होतं. पुढची बाजू खटक्यात घट्ट, मागची अर्धवट. बोर्डाचे स्क्रू सैल केले, आधी कार्ड पूर्ण बसवलं, मग सगळं आवळलं, आणि प्रश्न मिटला. तुम्ही हे आजच बघू शकता: मशीन बंद करा, तार काढा, आणि स्लॉट आणि कार्डाची सोनेरी कड यांच्यातली फट दोन्ही टोकांना सारखी आहे का ते टॉर्चने पाहा. कार्ड काढून मशीन चालवायची सोय तुम्हाला नाही, ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. म्हणून खात्रीला कोणाचं तरी जुनं कार्ड लागेल.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर आहेत त्यांच्यासाठी हा क्रम वेगळा आहे. तिथे २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं की जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर आतून झिजत होते. आधी नवा बायोस, आणि तरीही मशीन अस्थिर राहिलं तर थेट वॉरंटी. इंटेलने ती दोन वर्षांनी वाढवलेली आहे. झिजलेला प्रोसेसर बायोसने बरा होत नाही.

तर तुमचा क्रम असा ठेवा: आज कार्डाची फट आणि नोंदींचा फोटो, आज रात्री मेमटेस्ट, उद्यापासून बायोस डिफॉल्टवर दहा दिवस. तरी थिजलं तर आयडल कंट्रोल, मग नवा बायोस, मग लिंक स्टेट, मग उसना एसएमपीएस. वायरमन या रांगेत नाही, त्याला उद्याच बोलवा.

हे सगळं करूनही थिजलं तर मात्र मी बोर्ड किंवा प्रोसेसरकडे वळेन, आणि तेव्हाही विकत घेण्याआधी वॉरंटीवर. दिवाळीचा माल आहे, वॉरंटी असणार. सर्व्हिस सेंटरला 'कधीकधी अडकतो' एवढंच सांगितलंत तर ते दहा मिनिटं चालवून 'नो फॉल्ट' असा शेरा मारून परत देतील. तारखा-वेळांचा कागद, नोंदींचे फोटो, काय काय बदलून पाहिलं त्याची यादी, जीएसटीचं बिल आणि मूळ डबा घेऊन जा. पूर्ण मशीन न्यावं लागलं तर ग्राफिक्स कार्ड आधी काढून वेगळं घ्या. लोकलच्या लगेज डब्यातल्या धक्क्यांनी स्लॉट उखडतात.

एसएमपीएसचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघून कळवा. ५५० च्या डब्यावर तिथे ४० च्या वर आकडा असेल तर ठीक. १८ किंवा २० असेल तर १२ व्होल्टला तो जेमतेम २१६ ते २४० वॅट देतो, बाकीचे वॅट नुसते छापलेले आहेत, आणि मग उसना एसएमपीएस रांगेत मेमटेस्टच्या लगेच मागे आणा.